पृष्ठांची मॉडेल्स कशाची करावीत? सूत, पुठ्ठा, कापड की थ्रीडी प्रिंटर

सोलापुरात बी.एस्सी.ला गणित शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी विचारलं आहे: विभागाच्या गणित प्रयोगशाळेसाठी थोडा निधी मिळालाय. त्रिमितीय भूमिती आणि बहुचल कलन शिकवताना पृष्ठांची मॉडेल्स वापरायची इच्छा आहे. तयार मॉडेल्स मागवावीत, थ्रीडी प्रिंटर घ्यावा की मुलांकडून करून घ्यावीत? सुरुवात कुठल्या पृष्ठापासून करावी? आणि मोबाइलवर जिओजेब्रा हे आकृत्या काढणारं अ‍ॅप फुकट मिळत असताना या खटाटोपाला अर्थ आहे का?

सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अर्थ आहे, पण एका अटीवर. मॉडेलकडे पाहून विद्यार्थ्याला एखादी गोष्ट आधी गणिताने सांगता आली पाहिजे आणि मग पट्टी लावून पडताळता आली पाहिजे. नुसतं "हे बघा, हा हायपरबोलॉइड" असं म्हणून वर्गात फिरवायचं असेल, तर जिओजेब्रा बरा. तो हवा तसा फिरतो, समीकरणातला आकडा बदलला की आकार बदलतो, आणि सगळ्या वर्गाला एकदम दिसतो. ज्या मॉडेलवर काही मोजायचं नसतं, ते नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या समितीच्या) भेटीपुरतं कपाटाबाहेर येतं आणि परत आत जातं.

आता साहित्याविषयी. प्रत्येक साहित्य पृष्ठाचा एखादाच गुण प्रामाणिकपणे दाखवतं. ताणलेलं सूत पृष्ठावरच्या सरळ रेषा दाखवतं. पुठ्ठ्याच्या चकत्या छेद दाखवतात. विणलेलं कापड पृष्ठावरची अंतरं दाखवतं, साबणाचा पापुद्रा कमीत कमी क्षेत्रफळ, आणि क्रोशाचं विणकाम ऋण वक्रता, म्हणजे खोगिरासारखं वाकणं. प्रिंटरमधून निघालेलं प्लास्टिक यातलं स्वतःहून काहीच सांगत नाही, ते फक्त आकार देतं. म्हणून "कुठलं मॉडेल घेऊ" हा प्रश्न "उद्याच्या तासाला कुठला गुण शिकवायचाय" या प्रश्नानंतर यायला हवा.

सुरुवात मात्र सुताच्या हायपरबोलॉइडनेच करा, वन-शीटच्या, म्हणजे मध्ये कंबर असलेल्या सलग आकाराच्या. सोलापुरात सूत शोधावं लागत नाही, पण कारण तेवढंच नाही. बी.एस्सी.च्या मुलांना या एका मॉडेलवर जितके प्रश्न विचारता येतात तितके दुसऱ्या कशावर विचारता येत नाहीत, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

सहा एमएम प्लायच्या दोन गोल तबकड्या सुताराकडून कापून घ्या, १२ सेमी त्रिज्येच्या. दोन्हींवर १० सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढून त्यावर दर १० अंशांना एक, अशी ३६ भोकं पाडा. मध्यभागी आठ एमएमचा आटे पाडलेला रॉड आणि चार नट, म्हणजे दोन तबकड्यांमधलं अंतर २० सेमी ठेवून घट्ट करता येतं आणि वरची तबकडी सैल केली की फिरवता येते. खालची तबकडी टेबलापासून किमान १५ सेमी उंच राहील असे तीन पाय लावा. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने नीट घासून घ्या, नाहीतर धागे तिथेच तुटतात.

प्रत्येक धागा वरच्या भोकात गाठ मारून बांधायचा, खालच्या भोकातून मोकळा सोडायचा आणि टोकाला एक लहान नट वजन म्हणून लटकवायचा. ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या कॉन्झर्वात्वार दे आर्ट ए मेतिए या संस्थेत शिकवणाऱ्या थिओडोर ऑलिव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशीच सुताची हलती मॉडेल्स केली होती. त्यांच्या मॉडेल्समध्ये वजनं खालच्या लाकडी पेटीत लपवलेली असत. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीपर्यंत ती मॉडेल्स पोचली. वजन असल्यामुळे तबकडी कितीही फिरवली तरी धागा सरकतो आणि ताठच राहतो. इलॅस्टिक वापरण्याचा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका. इलॅस्टिक वर्षभरात सैल पडतं.

धागा कुठला? चादरीच्या मागावरचं रंगीत जाड सूत दिसायला फार छान, आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळख असेल तर उरलेल्या बॉबीनी सहज मिळतात. पण त्या सुताला लव असते, भोकात ते अडकतं. प्रदर्शनात ठेवायच्या मोठ्या मॉडेलला ते वापरा. मोजायच्या मॉडेलला पीळ दिलेला पॉलिएस्टर दोराच बरा.

आता तास कसा घ्यायचा. वरच्या भोकातला धागा बरोबर त्याच्याखालच्या भोकातून सोडला की सिलिंडर दिसतो. मुलांना वहीत लिहायला सांगा: वरची तबकडी १२० अंश फिरवली तर कंबरेची त्रिज्या किती होईल? बहुतेक जण अंदाज करतात. थोडे जण दोन टोकांचे निर्देशक लिहून मध्यबिंदू काढतात. उत्तर सोपं आहे: मूळ त्रिज्या गुणिले अर्ध्या पिळाचा कॉस. म्हणजे ६० अंशांना ८.६६ सेमी, ९० ला ७.०७, १२० ला नेमके ५ सेमी. मग तबकडी फिरवायची, नट आवळायचा आणि डिव्हायडरने मोजायचं. चौथाई उंचीवर काय होईल, हा पुढचा प्रश्न. १२० अंशांच्या पिळाला तिथे ६.६ सेमी यायला हवं. ते जमलं की पुठ्ठ्यातून अपास्ताच्या आकाराची फर्मा कापून बाजूला धरायची. कडा धाग्यांच्या बाह्यरेषेला बरोबर लागते. सरळ रेषा फिरून वक्र बाह्यरेषा तयार होते, हे तेव्हा मुलांना पटतं.

आणखी एक प्रश्न मला फार आवडतो: १२० अंश फिरवल्यावर खाली लटकलेलं वजन किती वर चढेल? पायथागोरसने तबकड्यांमधल्या धाग्याची लांबी २६.४६ सेमी येते, म्हणजे वजन जवळपास साडेसहा सेंटिमीटर वर चढायला हवं. फूटपट्टी उभी धरून पाहायचं. याच कारणाने खाली किमान दहा-बारा सेंटिमीटर धागा सोडावा लागतो. मधल्या रॉडमुळे पूर्ण १८० अंश फिरवता येत नाही. १५० ला थांबा, तिथे कंबर २.६ सेमी असते. त्यापुढे काय होईल ते मुलांनी सांगायचं. शंकू येणार, हे वर्गातून कुणीतरी ओरडतंच.

हे झाल्यावर दुसऱ्या रंगाचा संच त्याच भोकांतून ओवायचा, पण प्रत्येक धागा १६ भोकं मागे बांधायचा. सुरुवातीला पहिला रंग सिलिंडर असतो आणि दुसरा त्याच्या आत बारीक कंबरेचा हायपरबोलॉइड. तबकडी दुसऱ्या धाग्यांचा पीळ सुटेल अशा दिशेने ८० अंश फिरवली की दोन्ही रंग एकाच पृष्ठावर येतात: पहिल्याचा पीळ ८० अंश एका बाजूला, दुसऱ्याचा ८० अंश उलट बाजूला, कंबर दोन्हींची ७.६६ सेमी. पाठ्यपुस्तकात "जनक-रेषांची दोन कुलं" म्हणून एक ओळ असते, ती इथे डोळ्यांसमोर जुळून येते. एकाच रंगाचे कुठलेही दोन धागे एकमेकांना छेदत नाहीत, हेही तिथेच दाखवा.

आणि स्पर्शप्रतल! "स्पर्शप्रतल पृष्ठाला एकाच बिंदूत टेकतं" हे बारावीपासून मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, कारण त्यांनी फक्त गोल पाहिलेला असतो. दोन रंगांचे धागे जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू धरा. एक डोळा मिटून असं उभं राहायचं की ते दोन धागे एकाच रेषेत दिसतील. आता तुम्ही त्या बिंदूतल्या स्पर्शप्रतलाच्या कडेने पाहत आहात. शेजारचे धागे त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दिसतात. म्हणजे पृष्ठ स्पर्शप्रतलाच्या आरपार गेलेलं आहे आणि प्रतल पृष्ठाला दोन अख्ख्या रेषांत छेदतंय. हे पडद्यावर दाखवून मला कधी समाधान वाटलं नाही. स्वतः मान तिरपी करून जागा शोधावी लागते, तेव्हाच ते उमगतं.

हायपरबॉलिक पॅराबोलॉइडला, म्हणजे 'झेड बरोबर एक्स गुणिले वाय' या पृष्ठाला, इतकाही सरंजाम लागत नाही. बांबूच्या चार सारख्या काड्यांचा एकाच प्रतलात नसलेला चौकोन बांधा, समोरासमोरच्या काड्यांवर सारख्या अंतराने खुणा करून दोरे ताणा. सॅडल पॉइंटच्या तासाला प्रत्येकाच्या हातात एकेक देता येतो. एका दिशेने चढ, दुसरीने उतार आणि दोऱ्याच्या दिशेने अगदी सपाट, हे तिन्ही बोट फिरवून कळतं. दृष्टिहीन विद्यार्थी वर्गात असेल तर हे आणि पुढचं पुठ्ठ्याचं मॉडेल त्याला सर्वांत आधी द्या.

पुठ्ठ्याचं मॉडेल मला सुतापेक्षाही सुंदर वाटतं. १८७० च्या दशकात अलेक्झांडर ब्रिल यांनी जर्मनीत द्विघाती पृष्ठांची अशी मॉडेल्स केली: एकमेकांत खाचांनी अडकवलेल्या गोल चकत्या, त्याही दोन दिशांच्या. आपण सोपी आवृत्ती करू. ६ सेमी त्रिज्येचा गोल घ्या आणि दर १ सेमीला कापलाय असं समजा. चकत्यांच्या त्रिज्या मध्यापासून ६, ५.९२, ५.६६, ५.२०, ४.४७ आणि ३.३२ सेमी. पहिली एक आणि बाकीच्या दोन-दोन, अशा अकरा चकत्या एका दिशेला, तशाच अकरा काटकोनातल्या दिशेला. जिथे दोन चकत्या छेदतात तिथे त्या जीवेच्या निम्म्या लांबीपर्यंत खाच: एका संचाला वरून, दुसऱ्याला खालून. लग्नपत्रिकांचा कागद यासाठी उत्तम, दिवाळीनंतर घरोघरी साठलेला असतो. खाच कागदाच्या जाडीएवढीच रुंद ठेवा. रुंद झाली तर मॉडेल लुळं पडतं, अरुंद राहिली तर हलत नाही.

जोडून झालं की गोल दिसतो. मग तो दोन बोटांनी कर्णाच्या दिशेने हलकेच दाबायचा. खाचा बिजागरीसारख्या फिरतात आणि गोलाचा एलिप्सॉइड होतो. चकत्या त्याच आहेत, एकही वाकलेली नाही, प्रत्येक चकती अजून वर्तुळच आहे. म्हणजे तीन वेगवेगळ्या अक्षांच्या एलिप्सॉइडलाही वर्तुळाकार छेद असतात! हे प्रमेय फळ्यावर सिद्ध केलं तर मुलं उतरवून घेतात आणि विसरतात. इथे ते हातात असतं.

याच्यावर मोजण्यासारखं भरपूर आहे. दोन संचांमधला कोन ६० अंश केला तर एक अर्धाक्ष ७.३५ सेमी होतो, दुसरा ४.२४, आणि उभा अर्धाक्ष ६ चा ६ च राहतो. सूत्र साधं आहे: त्रिज्या गुणिले वर्गमूळ दोन गुणिले अर्ध्या कोनाचा कॉस किंवा साइन. उभा अक्ष न बदलणारा आणि नेहमी मधल्या लांबीचा. एलिप्सॉइडच्या केंद्रातून जाणारे वर्तुळाकार छेद मधल्या अक्षातूनच का जातात, याचं उत्तर या एका निरीक्षणात आहे. टी.वाय.च्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना हे रेषीय रूपांतर म्हणून लिहायला लावा. गोलाचं समीकरण आणि मॅट्रिक्स यांची गाठ इथे चांगली पडते.

आता कापड. हा प्रयोग सोलापुरात झालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ज्या गावात ताणा आणि बाणा हे शब्द घराघरात बोलले जातात, तिथल्या मुलांना अवकल भूमिती परकी वाटण्याचं काही कारण नाही. पाफ्नुती चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाने १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कपड्यांच्या कापणीवर व्याख्यान दिलं होतं. त्याची कल्पना अशी: कापडात ताण्याचे आणि बाण्याचे धागे लांबीला वाढत नाहीत, फक्त त्यांच्यातला कोन बदलतो. कापड एखाद्या वक्र पृष्ठावर चपखल बसवायचं तर कोन किती बदलावा लागेल, ते त्या पृष्ठाची गाउस वक्रता, म्हणजे पृष्ठ त्या जागी किती वाकलंय याचं माप, ठरवते. अशा जाळ्याला आज चेबिशेव्ह नेट म्हणतात.

करायचं असं. मेडिकलमधून जाळीदार गॉज आणा. दर सेंटिमीटरला एक ताणा आणि एक बाणा रंगीत पेनने रंगवा. मोठा फुटबॉल घ्या, त्याची त्रिज्या साधारण ११ सेमी असते. एक ताणा आणि एक बाणा माथ्यावर काटकोनात छेदतील असं कापड ठेवा आणि ते दोन मुख्य धागे चेंडूवर सरळ, म्हणजे बृहद्वर्तुळावरून (चेंडूवरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळावरून), खाली न्या आणि टेपच्या बारीक तुकड्यांनी चिकटवा. मग मधला भाग सुरकुती न पाडता बोटांनी बसवत न्या. मुख्य धाग्यांवर सगळीकडे काटकोनच राहतो. पण दोन्ही मुख्य धाग्यांपासून पाच-पाच घरं आत गेलं की छोट्या चौकोनाचा कोन ९० न राहता सुमारे ७८ अंश होतो. गणित सांगतं की कोनातली घट, रेडियनमध्ये, जवळपास वक्रता गुणिले दोन्ही अंतरं: २५ भागिले १२१, म्हणजे ०.२ रेडियन, बारा अंशांच्या आसपास. कोनमापकाने मोजा. हाताने बसवलेल्या कापडात एक-दोन अंश इकडेतिकडे होणार, पण घट नक्की दिसते. आणि धाग्याची लांबी एक मिलिमीटरही न बदलता दिसते.

शिवणकाम येणाऱ्या विद्यार्थिनींना हे ताबडतोब कळतं. गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लावताना ती उरेब, म्हणजे तिरपीच, का कापतात, याचं कारण त्या कोनबदलातच आहे. सरळ पट्टीत धाग्यांना ताणावं लागेल, उरेब पट्टीत फक्त कोन फिरतो. त्यानंतर "पृष्ठावरच अंतरं मोजून वक्रता कळू शकते" हे गाउसचं प्रसिद्ध प्रमेय सांगा. १८२७ च्या त्या प्रमेयाला मुलं सहसा सूत्रांच्या पानभर गिचमिडीतून भेटतात. इथे चेंडूकडे बाहेरून न पाहता, नुसत्या कापडाच्या कोनावरून, चेंडूची त्रिज्या काढायला सांगता येते. अकरा सेंटिमीटरच्या जवळपास उत्तर आलं की मुलं स्वतःहून दुसरा चेंडू मागतात.

ऋण वक्रतेसाठी क्रोशा. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबॉलिक प्रतल, म्हणजे सगळीकडे सारखीच ऋण वक्रता असलेलं पृष्ठ, क्रोशाने विणलं. त्याआधी विल्यम थर्स्टन कागदाच्या कंकणाकृती पट्ट्या जोडून ते दाखवत, पण कागद लवकर फाटायचा. नियम एका ओळीचा आहे: दर पाच टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रत्येक ओळीत. २० टाक्यांनी सुरुवात केली तर पंधराव्या वाढीनंतर ३०८ टाके होतात आणि विसाव्यानंतर ७६७. घातांकी वाढ म्हणजे काय ते लोकरीचा गुंडा संपतो तेव्हा कळतं. मऊ लोकर घेऊ नका, ती ताणते आणि वक्रता झाकते. घट्ट पिळाचा अ‍ॅक्रिलिक धागा घ्या. तोरणं आणि रुमाल विणणाऱ्या आया, आज्या घरोघर आहेत, त्यांना वर्गात बोलवा. हा टाका आमच्यापेक्षा त्यांना जास्त चांगला येतो.

विणून झालेल्या तुकड्याला घडी घातली की घडीची रेषा ही त्या पृष्ठावरची सरळ रेषा. तिच्यावर रंगीत धागा घाला. बाहेरचा एक बिंदू घेऊन त्यातून दोन वेगवेगळ्या घड्या घाला, दोन्ही पहिल्या रेषेला कधीच न मिळणाऱ्या. युक्लिडचं पाचवं गृहीतक तिथे मोडतं. सगळं हायपरबॉलिक प्रतल आपल्या त्रिमितीत सलग गुळगुळीत बसत नाही, हे हिल्बर्टने १९०१ मध्ये सिद्ध केलंय, त्यामुळे तुकडा वाढेल तसा चुरगळतच जाणार. विणणारीचा तो दोष नाही, एवढं मुलांना सांगून ठेवा. क्रोशा शक्य नसेल तर कागदी समभुज त्रिकोण चिकटवा. एका शिरोबिंदूभोवती पाच जोडले तर घुमट, सहा जोडले तर सपाट, सात जोडले तर खोगीर. पहिल्या वर्षाला तेवढं पुरे.

साबणाच्या पापुद्र्याबद्दल थोडक्यात, कारण तो करायला सोपा आहे. तारेच्या ४ सेमी त्रिज्येच्या दोन कड्या, भांड्यांचा लिक्विड साबण, पाणी आणि थोडं ग्लिसरीन. कड्या एकत्र बुडवून वेगळ्या करत नेल्या की मध्ये कॅटेनॉइड तयार होतो. ऑयलरने १७४४ मध्ये शोधलेलं हे किमान पृष्ठ. अंतर त्रिज्येच्या १.३२५ पटीला, म्हणजे ५.३ सेमीला पोचलं की तो कोसळतो आणि दोन कड्यांवर दोन सपाट चकत्या उरतात. खरी गंमत त्याआधीची आहे: ४.२ सेमीच्या पुढे दोन चकत्यांचं क्षेत्रफळ कॅटेनॉइडपेक्षा कमी असतं, तरी तो टिकून राहतो. स्थानिक किमान आणि खरं किमान यांतला फरक याहून स्वच्छ मी पाहिलेला नाही. मात्र हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये, पंखा बंद करून करा. सोलापूरच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत पापुद्रा मोजेपर्यंत टिकत नाही. बोअरचं जड पाणीही नको, डिस्टिल्ड वॉटर घ्या.

आता प्रिंटरकडे येतो. प्रिंटर लागतो, पण जिथे सूत, पुठ्ठा आणि कापड पोचत नाहीत तिथे. उदाहरणार्थ, त्रिघाती पृष्ठं, म्हणजे ज्यांच्या समीकरणात तिसरा घात येतो ती. गुळगुळीत त्रिघाती पृष्ठावर नेमक्या २७ सरळ रेषा असतात, हे केली आणि सालमन या गणितज्ञांनी १८४९ मध्ये दाखवलं. त्यातल्या काही काल्पनिक असू शकतात, पण क्लेब्श यांच्या पृष्ठावर सत्ताविसही वास्तव आहेत. त्याचं प्लास्टरचं मॉडेल एकोणिसाव्या शतकात जर्मनीत तयार झालं. म्युनिकमध्ये फेलिक्स क्लाइन आणि ब्रिल यांनी विद्यार्थ्यांकडून अशी मॉडेल्स करून घेतली. ब्रिल यांचे भाऊ लुडविग यांच्या डार्मस्टाटच्या प्रकाशनाने ती विकली, आणि १८९९ पासून मार्टिन शिलिंग यांनी तो व्यवसाय पुढे नेला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात क्लाइन ती घेऊन गेले होते. गटिंगेनमध्ये तो संग्रह आजही काचेच्या कपाटांत आहे.

त्या इतिहासातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: क्लाइन-ब्रिलच्या मॉडेल्सपैकी अनेक विद्यार्थ्यांनीच आधी गणित मांडून, छेद मोजून, मग घडवलेली होती. विक्री त्यानंतरची. तुम्हीही क्लेब्शचं पृष्ठ प्रिंट करा, पण रेषा न कोरलेलं. मुलांनी समीकरणं सोडवून रेषा काढायच्या आणि मार्करने मॉडेलवर आखायच्या. फूटपट्टी टेकवली की ती बसते की डुगडुगते यावरून उत्तर बरोबर की चूक ते कळतं.

यासाठी स्वतःचा प्रिंटर घ्यायची गरज नाही. वर्षाला चार-पाच मॉडेल्ससाठी यंत्र घेतलं तर ते बंद राहतं आणि नोझल चोंदतं. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रिंटर असतात, रीतसर पत्र देऊन फाइल पाठवा. एक लक्षात ठेवा: नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवलेलं मॉडेल वाकडं होतं, आणि मग फूटपट्टी कुठेच बसत नाही. ग्लू गनच्या जोडांचंही उन्हाळ्यात तेच. लाकडाला आणि पुठ्ठ्याला फेव्हिकॉल वापरा.

तयार मॉडेल्सचे संच विकत घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. निधीतून प्लाय, रॉड, दोरे, एक चांगलं ड्रिल, दोन-तीन डिव्हायडर, कोनमापक आणि धूळ न शिरणारं काचेचं कपाट घ्या. व्हर्निअर भौतिकशास्त्र विभागाकडून मागा. मूल्यमापनात मॉडेलच्या सुबकपणाला गुण देऊ नका. नाहीतर ज्याच्या घरी ऐपत आहे तो बाहेरून करून आणतो. दोन रकाने ठेवा: आधी काढलेली किंमत आणि मोजलेली किंमत. फरकाचं कारण एका परिच्छेदात लिहायला सांगा. गुण त्या परिच्छेदाला.

पहिल्या सत्रात सुताचा हायपरबोलॉइड आणि पुठ्ठ्याचा गोल, एवढंच घ्या. चार-चार मुलांचे गट करा. हायपरबोलॉइडला दोन प्रात्यक्षिकं लागतात, एक ओवायला आणि एक मोजायला. कापडाचा प्रयोग टी.वाय.ला ठेवा, त्याआधी आंशिक अवकलन नीट झालेलं असू द्या. भोकं पाडताना मात्र दोन्ही तबकड्या एकावर एक ठेवून, क्लॅम्प लावून एकदमच पाडा. वेगवेगळी पाडली तर भोकं जुळत नाहीत आणि सिलिंडरच तिरका येतो.